इंटरनेट खरंच अणुबॉम्बमध्ये टिकावं म्हणून बांधलं होतं का?

वर्गशिक्षिका

नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते. येत्या काही दिवसांत तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसमोर इंटरनेटच्या इतिहासावर दोन तासिका घ्यायच्या आहेत. टिपणं काढायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगत आले: शीतयुद्धाच्या काळात, अणुहल्ला झाला तरी संदेश पोचत राहावेत म्हणून अमेरिकी लष्कराने इंटरनेट उभारलं. गेल्या वेळी एका मुलीने हात वर केला. "बाई, अणुबॉम्बलाही जे बधणार नाही ते इंटरनेट एखाद्या कंपनीच्या चुकीने तासन्‌तास बंद कसं पडतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "वाचून सांगते" म्हणाले. ती विसरलेली नाही, मधल्या सुट्टीत दोनदा विचारून गेली.

तर बॉम्बची गोष्ट खरी की खोटी? शिवाय वाढदिवस कुठला धरायचा? एकीकडे १९६९ दिसतं, दुसरीकडे १९८३, आणि मुलांना तर सगळं १९९० नंतर सुरू झालं असं वाटतं. जमलं तर वर्गात हाताने करून दाखवण्यासारखं काही सुचवा. फळ्यावर सनावळ्या लिहिल्या की मुलं उतरवून घेतात आणि विसरतात.

काठावरचा

बाई, गोष्ट अगदीच हवेतली नाही. पॉल बॅरन नावाचा इंजिनिअर कॅलिफोर्नियात रँड या संशोधन संस्थेत होता आणि त्याच्यापुढचा प्रश्न नेमका हाच होता. टेलिफोनचं जाळं मोजक्या मोठ्या एक्स्चेंजवर उभं असतं. ती उडवली की सगळं मुकं. त्याने मांडलं की मध्यवर्ती ठाणं नकोच. प्रत्येक ठाणं आसपासच्या तीन-चार ठाण्यांना जोडा, संदेशाचे सारख्या मापाचे तुकडे करा, आणि हातात आलेला तुकडा प्रत्येक ठाण्याने मोकळी असेल त्या वाटेने पुढे द्यावा. निम्मी ठाणी गेली तरी उरलेली एकमेकांशी बोलू शकतील. १९६४ साली त्याचे अहवाल प्रसिद्ध झाले, आणि ते गुप्तही ठेवले नव्हते. टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांना हे काही पटलं नाही.

म्हणजे बॉम्ब इथून आला. तुम्ही शिकवलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही.

तारायंत्र

बॅरनबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. पण बॅरनने कागदावर मांडलं ते जाळं त्याच्या हातून उभं राहिलं नाही. उभं केलं ते दुसऱ्यांनी, आणि दुसऱ्याच कारणासाठी. मी सव्वीस वर्षं नेटवर्कच्या कामात काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. या विषयावर मला मनापासून बोलावंसं वाटतं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे.

१९६६ साली बॉब टेलर पेंटागॉनमध्ये अर्पा या, लष्कराच्या संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या, संस्थेच्या संगणक विभागाचा प्रमुख होता. त्याच्या खोलीत तीन टर्मिनल होते. एक सांता मोनिकातल्या संगणकाला जोडलेला, दुसरा बर्कलीच्या, तिसरा एमआयटीच्या. तिघांच्या आज्ञा वेगळ्या, आत शिरायची रीत वेगळी. बर्कलीशी बोलता बोलता एमआयटीतल्या कोणाला काही विचारायचं तर उठायचं आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचं. टेलरचा प्रश्न साधा होता: एकाच टर्मिनलवरून कुठेही का जाता येऊ नये? त्याला पैशाचीही जोड होती. प्रत्येक विद्यापीठ अर्पाकडे स्वतंत्र मोठा संगणक मागत होतं, आणि तेव्हाचा संगणक म्हणजे खोली भरून यंत्र आणि डोळे पांढरे करणारी किंमत. आहेत ते संगणक वाटून वापरता आले तर? टेलरने आपले वरिष्ठ चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडून दहा लाख डॉलर मंजूर करून घेतले. हेच हर्झफेल्ड पुढे स्पष्ट सांगत आले की अणुहल्ल्यात टिकणारी यंत्रणा उभारणं हा अर्पानेटचा, म्हणजे या नव्या जाळ्याचा, हेतू नव्हता.

काम लॅरी रॉबर्ट्सकडे गेलं. ऑक्टोबर १९६७ मध्ये टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला एक परिषद भरली. रॉबर्ट्सने आपली योजना वाचली. तिथेच इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतला रॉजर स्कँटलबरी आला होता. त्याने डोनाल्ड डेव्हिसचं काम मांडलं आणि रॉबर्ट्सला बॅरनच्या अहवालांबद्दलही सांगितलं. "पॅकेट", म्हणजे संदेशाचा तुकडा, हा शब्द या डेव्हिसचा. त्याच्या डोक्यातही बॉम्ब नव्हता. त्याला बोचत होतं ते वेगळंच. संगणकासमोर बसलेला माणूस एक ओळ टंकतो आणि मग दोन मिनिटं विचार करतो. टेलिफोनची लाइन मात्र ती दोन मिनिटं त्याच्यासाठी अडवून ठेवलेली असते. संदेशाचे तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घातला तर एकच लाइन शंभर जणांच्या उपयोगी पडते, कारण शंभर जण एकाच क्षणी टंकत नसतात.

मुलांना मी हे आधी सांगेन. बॉम्बच्या भीतीपेक्षा ही कल्पना जास्त सुंदर आहे: जो बोलत नाहीये त्याने वाट अडवू नये.

मग बीबीएन कंपनीने हनीवेलच्या ५१६ संगणकावरून आयएमपी नावाची यंत्रं तयार केली. आजच्या राऊटरची, म्हणजे पॅकेटला पुढच्या वाटेला लावणाऱ्या यंत्राची, ती आजी. विद्यापीठाचा संगणक या यंत्राला जोडायचा आणि यंत्रं आपापसात ५० किलोबिटच्या लाइनींनी जोडायची. २९ ऑक्टोबर १९६९, रात्री साडेदहा. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी बसलेला. पलीकडे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल डुव्हाल. दोघांच्या कानाला टेलिफोन, कारण पोचलं की नाही हे विचारायला दुसरं साधनच नव्हतं. "लॉगिन" हा शब्द टंकायचा होता. एल पोचलं. ओ पोचलं. जी दाबलं आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. तासाभराने दुरुस्त करून पुन्हा जोडलं तेव्हा पूर्ण जमलं. डिसेंबरपर्यंत सांता बार्बरा आणि युटा धरून चार ठाणी झाली.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न. तिला २७ ऑक्टोबर १९८०ची गोष्ट सांगा. त्या दिवशी अख्खं अर्पानेट कित्येक तास बंद पडलं. ना बॉम्ब, ना हल्ला. एका आयएमपीच्या मेमरीतून दोन बिट, म्हणजे दोन ०-१चे अंक, गळले.

झालं असं. प्रत्येक आयएमपी ठरावीक वेळाने शेजाऱ्यांना कळवायचं की माझ्या लाइनी अशा अशा आहेत. शेजारी ते पुढे पाठवायचे, म्हणजे सगळ्यांकडे वाटांचा ताजा नकाशा राहायचा. जुनी वार्ता कुठली आणि नवी कुठली हे कळावं म्हणून प्रत्येक वार्तेवर क्रमांक असायचा, ० ते ६३, आणि ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळासारखं. जो क्रमांक अर्ध्या फेरीपर्यंत पुढे, तो नवा. ५० क्रमांकाच्या आयएमपीच्या एका वार्तेचा क्रमांक होता ४४. वाटेतल्या बिघडलेल्या यंत्रात एक बिट पडला आणि ४४चे ४० झाले. आणखी एक पडला आणि ८ झाले. आता जाळ्यात एकाच यंत्राच्या तीन वार्ता फिरू लागल्या: ८, ४०, ४४. नियमाप्रमाणे ४० ही ८पेक्षा नवी. ४४ ही ४०पेक्षा नवी. आणि फेरी पूर्ण करून आलेली ८ ही ४४पेक्षा नवी! प्रत्येक यंत्र प्रत्येक वार्ता "अरे, ही नवी" म्हणून स्वीकारत राहिलं, पुढे पाठवत राहिलं. वार्तांना सगळ्यात आधी वाट द्यायचा नियम होता, म्हणून बाकी कामाला जागाच उरली नाही. एखादं यंत्र बंद करून सुरू केलं तरी उपयोग नाही, शेजारी लगेच त्याच तीन वार्ता पुन्हा हातात ठेवायचा. शेवटी "५० नंबरकडून आलेलं काहीही ऐकू नका" अशी दुरुस्ती सगळ्या यंत्रांत घालावी लागली, तेव्हा ते चक्र तुटलं. बीबीएनच्या एरिक रोझेनने त्यावर लिहिलेला अहवाल आरएफसी या नेटवर्कवाल्यांच्या टिपणमालिकेत ७८९ क्रमांकावर आजही वाचता येतो. मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो वाचला आणि रात्री झोप आली नाही. एकही यंत्र खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण नियमाप्रमाणे वागत होता आणि त्यामुळेच सगळं बुडालं.

तार तुटली तर हे जाळं वळसा घालून जातं, ते त्याला सहज जमतं. न तुटलेला पण चुकीचं सांगणारा शेजारी मात्र त्याला फार जड जातो. आजही तेच. आज मोठमोठी नेटवर्कं एकमेकांना सांगतात की "या पत्त्यांकडे जायची वाट माझ्याकडून आहे", आणि ऐकणारा बऱ्याच अंशी विश्वास ठेवतो. हा रिवाज ज्या बीजीपी प्रोटोकॉलचा (प्रोटोकॉल म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायचे नियम), त्याचा आराखडा १९८९ मध्ये दोन इंजिनिअरांनी जेवणाच्या सुट्टीत कागदी नॅपकिनवर काढला. २५ एप्रिल १९९७ ला एका छोट्या नेटवर्कच्या राऊटरने हजारो पत्त्यांची वाट आपल्याकडून आहे असं जाहीर केलं, आणि जगभरची वाहतूक त्या बिचाऱ्या राऊटरकडे धावली. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, ती विचारतेय ते अगदी बरोबर आहे. जाळं तुटत नाही. त्याचा एक कोपरा गप्प होतो किंवा चुकीचं बोलतो, आणि हल्ली एकेका कोपऱ्यात, म्हणजे एकेका कंपनीच्या यंत्रांवर, फार जण राहायला गेले आहेत.

काठावरचा

तारायंत्रकाका, १९८०ची घटना मला ठाऊक नव्हती, आभार. पण एका मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. तुम्ही बोलताय ते अर्पानेटबद्दल. अर्पानेट म्हणजे इंटरनेट नव्हे. टीसीपी-आयपी, म्हणजे इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते, ज्या प्रकल्पातून आलं त्याची उद्दिष्टं त्यावर काम केलेल्या डेव्हिड क्लार्कने १९८८च्या निबंधात क्रमवार दिली आहेत. वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडणं हे मूळ उद्दिष्ट. त्याखाली सात दुय्यम उद्दिष्टं, आणि त्यात पहिलं काय? मधली नेटवर्कं किंवा गेटवे (नेटवर्कांना जोडणारी यंत्रं) नष्ट झाले तरी संवाद चालू राहिला पाहिजे. आणि हा क्रम असा का, तर हे जाळं लष्करी परिस्थितीत वापरलं जाईल असं धरलं होतं, हेही तो लिहितो. कोणी किती वापरलं याचा हिशेब ठेवणं सातव्या, म्हणजे शेवटच्या जागी. व्यापारी हेतूने कोणी बांधलं असतं तर हिशेब पहिला आला असता. मग लष्कराचा काही संबंधच नाही असं मुलांना सांगणं कितपत बरोबर?

तारायंत्र

तुमचं म्हणणं मान्य आहे, आणि मी ते आधीच लिहायला हवं होतं. लष्कराचा संबंध होताच, पैसा सगळा तिथलाच होता. मी नाकारतोय ती एकाच वाक्यात कोंबलेली गोष्ट.

क्लार्कच्या यादीतलं ते पहिलं उद्दिष्ट साधलं कसं, हे मात्र मुलांपर्यंत पोचायला हवं, कारण माझ्या मते सगळ्या इतिहासातला मोठा विचार तोच आहे. आणि १९८३ला वाढदिवस का म्हणतात त्याचंही उत्तर त्यातच आहे.

अर्पानेटमध्ये मधल्या यंत्रांनी वचन दिलं होतं: तुमचं पॅकेट आम्ही पोचवू, आणि क्रमाने पोचवू. त्यामुळे टोकाच्या संगणकांवरचा एनसीपी हा प्रोटोकॉल निवांत होता. पॅकेट हरवलं तर काय करायचं याची त्याच्याकडे सोयच नव्हती. हरवलं की खेळ थांबला. मग बॉब कान १९७२ मध्ये अर्पात आला. त्याने स्वतः बीबीएनमध्ये आयएमपीवर काम केलं होतं. आता त्याच्या हातात रेडिओवरून पॅकेट पाठवायचा प्रकल्प होता. रेडिओ म्हटलं की गाडी पुलाखाली गेली, पॅकेट गेलं. डोंगर आडवा आला, पॅकेट गेलं. तिसरीकडे उपग्रह, तिथे उशीर. अशी तीन स्वभावाची तीन जाळी जोडायची तर वचन कोणाकडून घ्यायचं? कान आणि व्हिंट सर्फ यांचं उत्तर असं की मधल्याकडून वचनच घेऊ नका. मधल्याने पॅकेट हातात आलं की जमेल तितकं पुढे द्यावं, आणि गेलंय कुठे याची आठवणही ठेवू नये. पोचलं का, क्रमाने आलं का, पुन्हा पाठवायचं का, हे सगळं दोन टोकांनी आपसांत बघावं. त्यांचा निबंध मे १९७४चा. म्हणूनच मधलं एखादं ठाणं जळून गेलं तरी संवाद तुटत नाही, कारण संवादाची आठवण त्या ठाण्यात नव्हतीच, ती दोन टोकांत आहे.

२२ नोव्हेंबर १९७७ ला हे करून पाहिलं. सॅन फ्रान्सिस्कोजवळ महामार्गावर धावणाऱ्या व्हॅनमधून रेडिओने पॅकेट निघालं, अर्पानेटवरून युरोपात गेलं, उपग्रहाच्या जाळ्यावरून परत अमेरिकेत आलं आणि लॉस एंजेलिसजवळच्या संगणकात पोचलं. सरळ रस्त्याने गेलो तर एका दिवसाचा प्रवास, पॅकेटने केला सुमारे ९४,००० मैलांचा. एकही बिट हरवला नाही, असं सर्फ सांगतो.

हे माझ्या मनात इतकं घट्ट बसलंय त्याला कारण आहे. मी एका मोठ्या कार्यालयाचं नेटवर्क सांभाळत होतो. तक्रार अशी आली की छोट्या फाइली झरझर जातात आणि मोठ्या रखडतात. दोन दिवस शोधत होतो. प्रत्येक केबल तपासली, प्रत्येक लाइनचा त्रुटी-आकडा शून्य. तिसऱ्या दिवशी टोकाच्या संगणकांवरचे टीसीपीचे आकडे काढले, तर तिथे बिघडलेली पॅकेटं हजारोंनी मोजलेली. एका राऊटरची मेमरी खराब होती. पॅकेट केबलवरून बरोबर यायचं, मेमरीत बसलं की अधूनमधून एखादा बिट पालटायचा, आणि बाहेर पडताना राऊटर त्या बिघडलेल्या पॅकेटवर नव्याने "ठीक आहे" असा शिक्का मारायचा. पुढची लाइन त्या शिक्क्यावर समाधानी. फसलं नाही ते फक्त टोक, कारण पाठवणाऱ्याने केलेली बेरीज आणि घेणाऱ्याने केलेली बेरीज जुळत नव्हती. घेणारा पॅकेट टाकून द्यायचा, पाठवणारा पुन्हा पाठवायचा. म्हणून फाइल रखडत होती, पण बिघडत नव्हती. त्या दोन दिवसांत त्या कार्यालयात हजारो कागदपत्रं इकडून तिकडे गेली, आणि टीसीपीने पकडलं नसतं तर त्यात कुठे कुठे एखादा आकडा बदलून बसला असता ते कोणाला कळलंही नसतं. राऊटरची मेमरी बदलली तेव्हा पहाट झाली होती. १९७४च्या त्या निबंधाला मी त्या दिवशी मनात नमस्कार केला.

आता १९८३. १ जानेवारीला अर्पानेटने एनसीपी कायमचं बंद केलं आणि टीसीपी-आयपी हाच नियम झाला. जॉन पोस्टेलने नोव्हेंबर १९८१ मध्ये वेळापत्रक लिहून दिलं होतं. तरी लोक टाळत होते, चालू यंत्राला कोण हात लावतो. म्हणून १९८२ मध्ये दोनदा एनसीपी मुद्दाम थोड्या वेळापुरतं बंद करून दाखवलं: तयारी नसेल तर असे अंधारात बसाल. बदल पार पडल्यावर "मी टीसीपी-आयपीच्या स्थित्यंतरातून वाचलो" असे बिल्ले लोकांनी छातीवर लावले. माझ्या हिशेबाने इंटरनेटचा वाढदिवस हा. २९ ऑक्टोबर १९६९ हा त्याच्या आईचा.

एक गोष्ट राहिली. वचन टोकांवर टाकलं म्हणजे शिस्तही टोकांवर आली, आणि ती शिस्त आधी कोणाला नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. दोन्ही जागा चारशे यार्डांवर, चालत गेलं असतं तर लवकर पोचलं असतं. गर्दीमुळे पॅकेट पडत होती आणि पॅकेट पडलं की प्रत्येक संगणक घाईघाईने पुन्हा पाठवत होता, म्हणजे गर्दीत भर. व्हॅन जेकबसनने यावर जो उपाय काढला, १९८८ मध्ये छापला, तो राऊटरमध्ये नव्हता. तो प्रत्येक संगणकाला शिकवलेला होता: पॅकेट हरवलं म्हणजे वाटेत गर्दी आहे असं समज, आपला वेग निम्म्यावर आण, आणि मग हळूहळू वाढव. कोणी जबरदस्ती करत नाही, मधे पोलीस नाही. ही शिस्त तेव्हापासून घराघरांतल्या संगणकांत आहे, आणि ती पाळली जाते म्हणून तुम्ही-आम्ही आत्ता हे वाचतोय.

नवी पाटी

मुलांच्या १९९०बद्दल दोन ओळी. त्यांना दिसतं ते वेब, आणि वेब इंटरनेटवर धावणाऱ्या अनेक गोष्टींपैकी एक. ईमेल तर त्याच्या खूप आधीची, १९७१ची, रे टॉमलिन्सनची. टिम बर्नर्स-लीने मार्च १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत प्रस्ताव दिला आणि त्याच्या वरिष्ठाने, माइक सेंडलने, मुखपृष्ठावर "अस्पष्ट, पण उत्साह वाटावा असं" या अर्थाचा शेरा मारला. पहिला सर्व्हर बर्नर्स-लीच्या टेबलावरचा नेक्स्ट संगणक, त्यावर लाल शाईत चिठ्ठी: हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका.

माझ्या मते मुलांना सांगावी अशी तारीख ३० एप्रिल १९९३. त्या दिवशी सर्नने जाहीर केलं की वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं, शुल्क नाही. त्याच सुमारास गोफर नावाची दुसरी पद्धत वेबच्या बरोबरीने चालत होती, पुष्कळांना तीच सोपी वाटायची. ती ज्या विद्यापीठाची होती त्याने काही वापरांसाठी परवाना-शुल्क घेण्याचं बोलून दाखवलं, आणि लोक गोफर सोडून निघाले.

वर्गशिक्षिका

इतकं सविस्तर लिहिलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तीनदा वाचलं. काठावरचा, तुमचा मुद्दाही सांगणार आहे, उलट दोन्ही बाजू ठेवून मुलांनाच ठरवू देणार आहे.

करून दाखवायचं असं ठरवलंय. एका मुलाने एका वाक्याची दहा चिठ्ठ्यांत फोड करायची, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक आणि नाव. मधली मुलं वाटेल त्याच्या हातात देत पुढे सरकवणार. दोघांना मी गुपचूप सांगणार की अधूनमधून चिठ्ठी खिशात घाला. पहिल्या फेरीत मधल्यांनी वचन द्यायचं आणि टोकाच्यांनी गप्प बसायचं, म्हणजे वाक्य अर्धवट राहील. दुसऱ्या फेरीत टोकाच्यांनी "तिसरी आली नाही, पुन्हा पाठव" असं म्हणायचं. म्हणजे एनसीपी आणि टीसीपी. बरोबर ना? आणि १९८०ची ती तीन क्रमांकांची गोष्ट माझ्या डोक्यात बसली, पण वर्गात उभी कशी करू?

तारायंत्र

पहिल्या खेळात एकच बदल करा. घेणाऱ्याने "तिसरी आली नाही" असं सांगण्याऐवजी, जिथपर्यंत सलग मिळालं तिथला पुढचा क्रमांक मागावा: "मला आता तीन हवी." चौथी, पाचवी हातात आली तरी तो "तीन हवी" असंच म्हणत राहणार. टीसीपी असंच बोलतं. आणि हा निरोपही चिठ्ठीवरच, त्याच मुलांच्या हातून परत जाऊ द्या. तोही मधे हरवू शकतो. मग पाठवणाऱ्याने किती वेळ थांबून पुन्हा पाठवायचं, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतील. त्यावर त्यांना पाच मिनिटं भांडू द्या, कारण इंजिनिअर त्यावर कित्येक वर्षं भांडले आहेत.

तीन क्रमांकांसाठी जमिनीवर खडूने मोठं वर्तुळ काढा आणि कडेने ० ते ६३ आखा. आधी मुलांना एवढंच पटवा: दोन क्रमांकांत नवा कोण, तर जो घड्याळाच्या दिशेने अर्ध्या फेरीपर्यंत पुढे आहे तो. मग ८, ४० आणि ४४ वर एकेकाला उभं करा. ८ ते ४० बरोबर ३२ घरं, म्हणजे नेमकी अर्धी फेरी, ती चालते. ४० ते ४४ चार घरं. ४४ वरून पुढे मोजत ८ पर्यंत या, अठ्ठावीस घरं होतात, तीही अर्ध्याच्या आत. प्रत्येकाला विचारा, "तुझ्यापेक्षा नवा कोण?" प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवेल.

फळ्यावर हे तीनही आकडे द्विमान पद्धतीने लिहून ठेवा: १०११००, १०१०००, ००१०००. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या हातात डस्टर द्या आणि पहिल्यातला एक १ पुसून तिथे ० लिहायला सांगा.